होमस्टार रनर आणि जुने व्हिडिओ गेम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

'होमस्टार रनर' ही इंटरनेटवरची विनोदी कार्टून मालिका. अमेरिकेतल्या अटलांटा शहरातले दोन भाऊ, माईक आणि मॅट चॅपमन, यांनी २००० साली तिची वेबसाइट सुरू केली. मी ती वर्षानुवर्षं पाहत आलोय आणि बऱ्याच मित्रांना आवर्जून दाखवली आहे. पाहून झाल्यावर जो तो साधारण तेच प्रश्न विचारतो आणि त्यातले निम्मेअधिक जुन्या व्हिडिओ गेमचे असतात. हा विनोद कुठला आहे? हा गेम खरा आहे का? म्हणून उत्तरं एकदाची नीट लिहून काढली.

मालिका आहे तरी कशाबद्दल?

एका छोट्या गावातल्या दहाबारा पात्रांबद्दल. होमस्टार हा भोळसट खेळाडू; त्याचे हात कधीच दिसत नाहीत, तरी तो वस्तू उचलतो. स्ट्राँग बॅड हा कुस्तीचा मुखवटा आणि बॉक्सिंगचे हातमोजे घालणारा वांड गडी. मालिका नावाला होमस्टारची, पण चालते स्ट्राँग बॅडवर. २००१ पासून तो प्रेक्षकांच्या ईमेलना उत्तरं देऊ लागला, तेही हातमोजे न काढता टाइप करत, आणि अशी दोनशेच्या वर उत्तरं झाली. बहुतेक सगळे आवाज एकट्या मॅटचे आहेत.

यात जुने गेम इतके का डोकावतात?

कारण मालिकेचा जन्मच गेमच्या यंत्रावर झालाय. १९९६ मध्ये माईक आणि त्याचा मित्र क्रेग झोबेल यांनी गंमत म्हणून लहान मुलांच्या गोष्टीचं एक पुस्तक केलं. होमस्टार आणि स्ट्राँग बॅड ही त्यातली पात्रं. मग भावांनी त्या पात्रांना हलतं केलं ते 'मारिओ पेंट'मध्ये. हे निन्टेन्डो या जपानी गेम कंपनीचं १९९२ सालचं चित्रं काढायचं सॉफ्टवेअर. 'सुपर निन्टेन्डो' या तिच्या गेमयंत्राच्या खाचेत कार्ट्रिज टाकायचं, सोबत मिळालेला माउस जोडायचा आणि टीव्हीच्या पडद्यावर रेघोट्या मारायच्या. त्यात हलत्या चित्राला चार, सहा किंवा नऊ फ्रेम मिळायच्या, त्यापुढे यंत्र हात वर करायचं.

नऊ फ्रेममध्ये पात्र चालवायचं तर त्याचा आकार सोपाच ठेवावा लागतो. पुढे फ्लॅश या संगणकावरच्या ॲनिमेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये काम सुरू झालं, तेव्हा अशी सक्ती राहिली नव्हती. तरी होमस्टारकडे पाहा: गोल डोकं, खाली निमुळतं अंग, हातांचा पत्ता नाही. मला तरी तो आजही एखाद्या जुन्या कार्ट्रिजमधून उतरल्यासारखा दिसतो.

'स्ट्राँग बॅड' हे नाव गेममधून आलंय म्हणतात, खरं का?

खरं आहे. निन्टेन्डोच्या आठ-बिट यंत्रावर १९८६ मध्ये 'टॅग टीम रेसलिंग' नावाचा कुस्तीचा गेम आला होता. त्यात तुमच्या जोडीसमोर जी दांडगट जोडी उभी राहते, तिचं नाव 'स्ट्राँग बॅड्स'. गेम काही फार नावाजलेला नव्हता. पण 'बलवान वाईट' असं बाळबोध नाव कुणी खलनायकाला देऊ शकतं, याचीच मौज त्या भावांच्या मनात घर करून राहिली असणार. कुस्तीचा मुखवटाही त्याच नात्यातला.

म्हणजे यात मारिओ, पॅकमॅन वगैरे येऊन जातात?

नाही, आणि सगळ्यात जास्त गैरसमज इथेच होतो. जुन्या गेमचे संदर्भ म्हटलं की आपल्याला वाटतं, मागच्या भिंतीवर पॅकमॅनचं चित्र दिसेल, कुणीतरी मारिओसारखी उडी मारेल, ओळखणारा ओळखेल आणि स्वतःची पाठ थोपटून घेईल. बऱ्याच मालिका एवढ्यावर भागवतात. होमस्टार रनरमध्ये खऱ्या गेमची नावं क्वचितच कानावर पडतात. चॅपमन बंधू त्याऐवजी नवेच जुने गेम तयार करतात. कधी अस्तित्वातच नव्हता असा १९८२ चा गेम, रंग, आवाज आणि चुका यांसकट. आणि तो नुसता दाखवून थांबत नाहीत, खेळायलाही देतात.

नाव घेऊन आठवण जागी करणं सोपं असतं. अस्तित्वात नसलेल्या गेमची आठवण जागी करायची तर तो काळ हाडामासात मुरलेला असावा लागतो. पडद्याला किती रंग परवडायचे, आवाज कुठे चिरकायचा, 'गेम ओव्हर' किती उद्धटपणे यायचं, हे सगळं माहीत असावं लागतं. मला या मालिकेबद्दल जी आपुलकी वाटते ती या कसबापायी.

व्हिडलेक्ट्रिक्स ही खरी कंपनी होती का?

मालिकेतली काल्पनिक कंपनी. वरचे सगळे 'जुने' गेम तिच्या नावावर खपवलेले आहेत. १९७९ मध्ये ॲक्टिव्हिजन ही गेम कंपनी निघाल्यावर दुसऱ्यांच्या यंत्रांसाठी गेम विकणाऱ्या छोट्या कंपन्यांचं पेव फुटलं होतं. नावं सगळ्यांची व्हिडिओ, इलेक्ट्रिक, मॅजिक असल्या तुकड्यांची. व्हिडलेक्ट्रिक्स त्यांच्यातच शोभून दिसते: उत्साह अफाट, कुवत बेताची, आणि आपण जगातला सर्वांत भारी गेम केलाय याची पक्की खात्री.

पुढे गोष्ट उलटली. २०२३ मध्ये 'डेंजरेस्क: द रूमिसोड ट्रायअंग्युलेट' हा गेम रीतसर विक्रीला आला, तो याच नावाखाली. थट्टेसाठी काढलेल्या कंपनीचा माल आता दुकानात पैसे देऊन मिळतो.

सुरुवात कुठून करू?

स्ट्राँग बॅडच्या ईमेलांपैकी 'व्हिडिओ गेम्स' नावाचा भाग आधी पाहा. एक प्रेक्षक विचारतो, तुझ्यावर व्हिडिओ गेम निघाला तर कसा असेल? स्ट्राँग बॅड एकेक करून चार कल्पना मांडतो आणि त्या चार कल्पनांमध्ये गेमच्या सुरुवातीच्या दहाएक वर्षांचा इतिहास येऊन जातो.

'सीक्रेट कलेक्ट' हा अटारी २६०० या जुन्या गेमयंत्राच्या धर्तीचा. ठोकळ्यांची चित्रं, कोण माणूस आणि कोण भिंत हे आपण समजून घ्यायचं. त्या यंत्रात एकूण १२८ बाइट रॅम होती. आज सर्रास वापरल्या जाणाऱ्या यूटीएफ-८ या युनिकोड पद्धतीत देवनागरीच्या एका चिन्हाला तीन बाइट लागतात, म्हणजे त्या यंत्राच्या अख्ख्या स्मरणात आपली जेमतेम बेचाळीस चिन्हं मावली असती. तेवढ्यात लोकांनी किल्ले, बोगदे आणि ड्रॅगन बसवले होते. माणसाच्या जागी चौकोन दिसायचा त्याचं कारण हे.

'स्ट्राँगबॅडझोन' हा रेषांच्या सांगाड्याचा गेम. १९८० च्या 'बॅटलझोन'ने चमकत्या रेषांतून रणगाडे उभे केले होते, त्या घराण्यातला. नावही तिथूनच बेतलंय. 'ऱ्हायनो फीडर' हा तिसरा. चौथा म्हणजे 'दाय डंजनमन', आणि त्याच्यासाठी वेगळं उत्तर लिहायलाच हवं.

हे चारही गेम पुढे वेबसाइटवर खरोखर खेळायला ठेवले गेले.

'दाय डंजनमन'मध्ये चित्रच नाही. मग हसायचं कशाला?

अक्षरांना. काळ्या पडद्यावर मजकूर येतो, तुम्ही हुकूम टाइप करायचा, पुढचा मजकूर येतो. ही पद्धत १९७०च्या दशकात 'कलोसल केव्ह ॲडव्हेंचर'ने रुजवली आणि १९८० मध्ये बाजारात आलेल्या 'झॉर्क'ने घरोघरी नेली. खोलीचं वर्णन वाचायचं, कुठे जायचं ते लिहायचं, दिसलेली वस्तू उचलायची.

'दाय डंजनमन' उघडला की तुम्ही तळघरात असता. समोर एक चंबू दिसतो. बाहेर जायच्या वाटा तीन: उत्तर, दक्षिण आणि डेनिस.

हो, डेनिस. ही दिशा आहे. गेम तिचं काहीही स्पष्टीकरण देत नाही, तुम्ही मुकाट्याने 'डेनिस' टाइप करून तिकडे जायचं.

आता तो चंबू उचलून बघा. गेम सांगतो, जमणार नाही. चंबू भिंतीला बोल्टने ठोकलाय, भिंत तळघराला ठोकली आहे आणि तळघर बहुधा किल्ल्याला. तुम्ही हट्टाने पुन्हापुन्हा तेच लिहिलंत तर गेम वैतागून मान्य करतो आणि चंबू निघतो. लगेच छत कोसळून तुम्ही मरता, कारण अख्ख्या छताचा भार त्या चंबूवर होता.

ज्याने असे गेम खेळलेत त्याला इथे नेमकं दुखतं. यंत्र तुम्हाला वस्तू दाखवतं, नाव सांगतं आणि मग म्हणतं, उचलता येणार नाही. का, ते सांगत नाही. रात्र रात्र माणसं पंचवीस प्रकारे तोच हुकूम टाइप करत बसायची. स्ट्राँग बॅडची त्या ईमेलमधली तक्रारही हीच आहे: का जमत नाही याची कल्पना करत तुम्हीच बसायचं, गेम तर काही सांगणार नाही.

यातली भाषा अशी विचित्र का आहे?

दोन निरनिराळी विचित्रपणं आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात.

एक म्हणजे खोटी जुनी इंग्रजी. 'दाय', 'यी', 'यॉन' असले शब्द कुठेही पेरायचे, व्याकरण गेलं उडत. आपल्याकडे शाळेच्या स्नेहसंमेलनातलं ऐतिहासिक नाटक आठवा. मावळ्याचं काम करणारा मुलगा वाक्य विसरला की 'सांप्रत', 'येणेप्रमाणे', 'आम्हांस' आणि शेवटी 'महाराज!' असं जोडून वेळ मारून नेतो. तसंच ते.

दुसरं म्हणजे जपानीतून घाईने उतरवलेली इंग्रजी. 'स्ट्राँगबॅडझोन'मध्ये हरलात की डोकं फुटतं आणि पडद्यावर येतं 'युअर हेड अ स्प्लोड'. खऱ्या गेममध्ये असं चिकार झालंय. निन्टेन्डोच्या 'प्रो रेसलिंग'मध्ये जिंकल्यावर 'अ विनर इज यू' असं अभिनंदन यायचं, आणि 'झीरो विंग'मधलं 'ऑल युअर बेस आर बिलाँग टू अस' तर इंटरनेटवर जगभर गाजलं. मराठी माणसाला हा विनोद समजावून सांगायची गरज पडू नये. हिंदीतून उचललेल्या जाहिरातीत कुणी 'माझी मदत करा' म्हणालं की आपल्या कानाला जे होतं, तेच इथे होतं. शब्द ओळखीचे, अर्थही कळतो, पण ते वाक्य या भाषेत जन्मलेल्या माणसाच्या तोंडून येणार नाही.

ट्रॉगडॉर कोण?

एकच हात असलेला ड्रॅगन. २००३ च्या सुरुवातीला 'ड्रॅगन' नावाचा ईमेल आला. त्यात स्ट्राँग बॅड ड्रॅगन कसा काढायचा ते शिकवतो: आधी इंग्रजी एस काढा, त्याच्यालगत जरा वेगळा एस काढा, टोकं जुळवा, पाठीवर काटे लावा, आणि मग मनात आलं म्हणून पाठीतून एक पिळदार दंड. नाव ट्रॉगडॉर. धंदा: शेतकऱ्यांची गवती छपराची घरं जाळणे. भागाच्या शेवटी त्याच्यावर हेवी मेटल गाणंही येतं, आणि ते गाणं २००६ च्या 'गिटार हीरो २'मध्ये बोनस म्हणून घेतलं गेलं.

त्यानंतर व्हिडलेक्ट्रिक्सच्या नावाने 'ट्रॉगडॉर' गेम आला. बाणाच्या चार कळा, एका पडद्याचं गाव. शेतकरी पायाखाली तुडवायचे, पुरेसे तुडवले की अंगात आग संचारते, मग घरं पेटवत सुटायचं. सरदार आणि तिरंदाज आडवे आले की जान गेली. नाण्यावर चालणाऱ्या जुन्या गेमचा हाच साचा: एकच पडदा, एकच काम, दर स्टेजला वेग थोडा जास्त.

'पेझंट्स क्वेस्ट'ला लोक इतकं का नावाजतात?

कारण तो विडंबन आहे आणि तरीही स्वतःच्या बळावर चांगला गेम आहे. दोन्ही एकदम साधणं फार कमी जणांना जमतं.

आधी मूळ. १९८४ मध्ये सिएरा ऑन-लाइन कंपनीने रॉबर्टा विल्यम्स यांचा 'किंग्ज क्वेस्ट' आणला, आयबीएमच्या पीसीज्युनियर या नव्या घरगुती संगणकासाठी. सर ग्रॅहम नावाचा सरदार डॅव्हेन्ट्री राज्यात तीन खजिने शोधत हिंडतो. सोळा रंग, जाड आडवे पिक्सेल, चित्रातून चालणारा माणूस आणि खाली टाइप करायची ओळ. झाडामागे गेला की माणूस खरोखर झाडामागे जायचा, याचंच तेव्हा केवढं अप्रूप. पूर्ण गुण १५८.

आणि छळ! पुलावरून पाऊल जरा घसरलं की खंदकात पडून मेलात. एका बुटक्याचं नाव ओळखायचं असतं, आणि तिथे रम्पलस्टिल्टस्किन हे परीकथेतलं नाव लिहून चालत नाही. वर्णमाला उलटी मांडायची, ए च्या जागी झेड, बी च्या जागी वाय, आणि त्या हिशेबाने नावाचं प्रत्येक अक्षर बदलून लिहायचं. हे कुणाला सुचावं? तेव्हा मदतीला इंटरनेट नव्हतं. कंपन्या सूचनांच्या पुस्तिका विकायच्या किंवा फोनवर पैसे घेऊन तोडगा सांगायच्या.

'पेझंट्स क्वेस्ट' २००४ मध्ये आला. नायक रॅदर डॅशिंग, आडगावचा साधा तरुण. सुट्टीवरून घरी येतो तर ट्रॉगडॉरने त्याचं घर जाळलेलं. तो सूड घ्यायला निघतो. पण डोंगराच्या वाटेवरचा राखणदार त्याला अडवतो: वर फक्त शेतकऱ्यांना प्रवेश. शेतकरी ठरायला तीन अटी. शेतकऱ्याचा झगा हवा. अंगाला शेतकऱ्याचा वास हवा. आणि शेतकऱ्यासारखं पेटलेलं असायला हवं.

या तिसऱ्या अटीवर मी दरवेळी थांबतो. ट्रॉगडॉरच्या राज्यात शेतकरी कायम पेटलेलाच असतो, त्यामुळे ती अट तिथल्या तर्काला धरून आहे. खुळी आहे, पण न्याय्य आहे. उलट्या वर्णमालेचं कोडं धड खुळंही नव्हतं आणि न्याय्यही नव्हतं. चॅपमन बंधूंनी जुन्या गेमचा छळ जसाच्या तसा ठेवला आणि त्यातला अन्याय तेवढा काढून घेतला. तुम्ही मरता, वेळोवेळी मरता, पण प्रत्येक मरणाला स्वतःचा विनोद लिहिलेला आहे, म्हणून माणसं मुद्दाम मरून बघतात.

स्ट्राँग बॅडचे संगणक सतत का बदलतात?

कारण ते जळतात, फुटतात, मरतात. पहिला टँडी ४००, मग कॉम्पी ३८६, मग लॅपी ४८६. टँडी ही खरी कंपनी होती, तिचे संगणक रेडिओशॅकच्या दुकानांत मिळायचे. '४००' हे मॉडेल मात्र मनचं. १९८४ सालचा खरा टँडी १००० पीसीज्युनियरच्या चित्रांची आणि आवाजाची नक्कल करायचा, त्यामुळे साध्या पीसीवर चार रंगांत दिसणारा 'किंग्ज क्वेस्ट' त्याच्यावर सोळा रंगांत दिसायचा. तेव्हा 'पेझंट्स क्वेस्ट' आणि स्ट्राँग बॅडचा पहिला संगणक हे एकाच घरातले म्हणायला हवेत.

३८६ आणि ४८६ ही इंटेलच्या प्रोसेसरची नावं, १९८५ आणि १९८९ ची. मालिकेत ती २००० नंतर झळकतात, म्हणजे स्ट्राँग बॅड जगाच्या दहापंधरा वर्षं मागे आहे आणि त्याला आपलं यंत्र अत्याधुनिक वाटतं. 'व्हायरस' नावाच्या भागात कॉम्पी गेला तेव्हा प्रेक्षक हळहळले. एका फिकट डब्यावर लोकांचा जीव जडला होता.

स्टिंकोमॅन म्हणजे मेगा मॅनच ना?

बराचसा. मेगा मॅन हा जुन्या जपानी गेममधला रोबोट नायक. कुणी तरी स्ट्राँग बॅडला विचारलं, तू जपानी कार्टूनमध्ये कसा दिसशील? स्ट्राँग बॅडने निळे केस, रोबोटचे बूट आणि बारीकसं तोंड असं स्वतःचं रूप सांगितलं. तोच स्टिंकोमॅन. होमस्टारच्या जागी तिथे 'वन-अप' नावाचं पोर आहे. नाव उघडच गेममधल्या जादा जानेवरून.

२००५ मध्ये 'स्टिंकोमॅन २०एक्स६' हा उड्या-गोळीबाराचा गेम सुरू झाला. 'मेगा मॅन २'च्या सुरुवातीला गोष्ट '२००एक्स' सालात घडते असं म्हटलंय. एक्स कुठे टाकायचा ते बदलून वर्ष आणखी निरर्थक केलंय. शेवटची दहावी लेव्हल मात्र यायची राहिली, आणि ती आली २०२० च्या अखेरीस. पंधरा वर्षं लोक वाट पाहत होते.

हे गेम आपल्याकडे आलेच नाहीत. मराठी प्रेक्षकाला यात काय सापडणार?

अटारी आणि सिएराचे गेम महाराष्ट्रात मोजक्या घरांत असतील, हे कबूल. नव्वदच्या दशकात आपल्या हाती आला तो 'टीव्ही गेम': जपानच्या फॅमिकॉम या गेमयंत्राची स्वस्त नक्कल, सोबत दोन रिमोट आणि एक बंदूक. कार्ट्रिजला आपण 'कॅसेट' म्हणायचो. कॉन्ट्रा, मारिओ, रणगाड्यांचा तो टँक, सर्कस, बदकं मारायचा गेम. कॅसेट चालली नाही की काढायची, खालच्या फटीत फुंकर मारायची, पुन्हा दाबून बसवायची. फुंकरीने काही होत नसे. काढून पुन्हा लावल्याने टोकं नीट जुळायची. पण फुंकर मारल्याशिवाय बटण दाबायची कुणाची छाती नव्हती.

माझ्याकडच्या पिवळ्या कॅसेटवर लाखाच्या घरातला आकडा छापला होता, एवढे म्हणे गेम आत. सुट्टीत आम्ही भावंडं यादीची पानं उलटत खाली खाली जायचो. वीसेक नावांनंतर तेच गेम पुन्हा, फक्त नाव वेगळं: मारिओच, पण चौथ्या स्टेजपासून, कॉन्ट्राच, पण तीस जान. कुणी तरी कुठल्या तरी कारखान्यात बसून, मोडक्या इंग्रजीत, एकाच गेमला पन्नास नावं दिली होती. व्हिडलेक्ट्रिक्स पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला ती यादी आठवली. आपण त्या कंपनीचे ग्राहक होतो!

पार्लरमध्ये 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स'ला आपण 'मुस्तफा' म्हणायचो, पिवळ्या टोपीच्या गड्याच्या नावावरून. गेमचं खरं नाव कित्येकांना अजून माहीत नाही. खऱ्या नावाशिवाय गेमवर जीव लावायची आपली ही जुनी सवय या मालिकेसाठी अगदी पोषक आहे. कोणता गेम ते ओळखायला आलं नाही तरी चालतं. यंत्र आपलं ऐकत नाही आणि तरी आपण उठत नाही, एवढं अनुभवलेलं असलं की पुरे.

शेवटी कुठेही क्लिक केलं तर काहीतरी निघतं, ते काय?

ईस्टर एग. ईमेल संपला की चित्र पडद्यावर थांबतं. एखादा शब्द, एखादी वस्तू दाबली की लपवलेला विनोद सापडतो. हीसुद्धा गेमकडून आलेली परंपरा. अटारीच्या 'ॲडव्हेंचर'मध्ये वॉरन रॉबिनेट यांनी स्वतःचं नाव एका गुप्त खोलीत लपवलं होतं, कारण तेव्हा अटारी गेम करणाऱ्यांची नावं छापत नसे. एका पिक्सेलएवढा राखाडी ठिपका उचलून योग्य जागी न्यायचा, मग खोली उघडायची. 'ईस्टर एग' हा शब्द गेमसाठी रूढ झाला तो या खोलीमुळे.

यूट्यूबवर पाहिलंत तर क्लिक करण्याची ही गंमत हुकते. शक्य असेल तर मूळ साइटवर पाहा.

मोठ्या कंपनीने यावर गेम काढला होता का?

हो. टेलटेल गेम्सने २००८ मध्ये 'स्ट्राँग बॅड्स कूल गेम फॉर ॲट्रॅक्टिव्ह पीपल' पाच भागांत काढला, विंडोज आणि निन्टेन्डोच्या 'वी' या यंत्रासाठी. पाचवा भाग 'एट-बिट इज इनफ' खेळायलाच हवा: ट्रॉगडॉर गेमच्या यंत्रातून बाहेर येतो आणि गेमची दुनिया गावात पाझरू लागते. पहिल्या भागात 'स्नेक बॉक्सर ५' नावाचा व्हिडलेक्ट्रिक्सचा छोटा गेमही आहे. आधीचे चार कधी निघालेच नाहीत.

फ्लॅश बंद झालं. मग आता हे चालतं कसं?

अडोबीने ३१ डिसेंबर २०२० ला फ्लॅश थांबवलं, आणि त्यावर उभी असलेली हजारो कार्टूनं आणि गेम एका रात्रीत मुके झाले. होमस्टार रनरची साइट वाचली ती 'रफल'मुळे. हा स्वयंसेवकांनी लिहिलेला मुक्त प्रोग्राम. जुन्या फ्लॅश फाइली तो आजच्या ब्राउझरमध्ये चालवतो. वेगळं काही बसवावं लागत नाही. जुन्या गेमवर प्रेम करणारी मालिका स्वतःच जुनी झाली आणि जुने गेम जिवंत ठेवायच्या युक्तीनेच, म्हणजे नव्या यंत्रात जुनं यंत्र वठवून, जिवंत राहिली.

मधली काही वर्षं मालिका थंडावली होती. १ एप्रिल २०१४ ला नवा भाग आला आणि तेव्हापासून अधूनमधून येत असतो.

मुलांना दाखवायला हरकत नाही ना?

नाही. शिवीगाळ नाही, अश्लीलता नाही. साइटवर जाहिरातीही कधी नव्हत्या. खर्च टी-शर्ट आणि डीव्हीडींच्या विक्रीतून निघायचा. दहा वर्षांच्या पुढच्या, इंग्रजी बऱ्यापैकी येणाऱ्या मुलांना झेपेल.

आधी मूळ गेम खेळून यावं का?

उलट करा. आधी हे पाहा, मग वाटलं तर 'झॉर्क' किंवा 'किंग्ज क्वेस्ट' खेळा. विडंबनातून मुळाकडे गेलेले बरेच जण मी पाहिलेत, आणि मूळ गेममध्ये अडकल्यावर ते चिडण्याऐवजी हसतात.

'पेझंट्स क्वेस्ट'मध्ये अडकलोय. उत्तर सांगा ना.

उत्तर सांगणार नाही, वाट सांगतो. एक वही घ्या आणि प्रत्येक पडद्याचा चौकोन काढून नकाशा करा, १९८४ मध्ये करायचे तसा. दर ठिकाणी 'लुक' टाइप करा. जो भेटेल त्याच्याशी 'टॉक' करून बघा, दोनदा. नदीकाठी, विहिरीपाशी, झोपडीत कुणी काही बोललं की वहीत टिपून ठेवा. आणि पेटायची अट आठवतेय ना? तीही डोळ्यांसमोर ठेवा.